वाजवी कारण

मसुदा दिल्लीहून शुक्रवारी आला,
मराठी प्रत सोमवारी हवी.
शिवाजीनगरच्या आमच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर
पंखा एकच, आणि तो बिडवेसाहेबांच्या डोक्यावर.

गुप्तवार्तावाल्यांना आता माणूस धरता येईल.
आरोपी असायला नको, संशयितही नको.
त्याला काही माहीत असावे असे मानायला
वाजवी कारण असले की पुरे.

'वाजवी' मीच बसवला.
बिडवे म्हणाले, 'रास्त' घ्या.
रास्त भाव रेशनला असतो, मी म्हटले.
दोघेही हसलो. चहा आला.

डिटेन्शनला काय?
अटक म्हणता येत नाही, अटकेला वकील असतो,
चोवीस तासांत न्यायाधीश असतो.
'स्थानबद्ध' म्हटले तर जुने लोक दचकतात,
येरवड्यातले एकोणीस महिने मोजू लागतात.
शेवटी 'ताब्यात ठेवणे' लिहिले.
ताबा जागेचा असतो, दुकानाचा,
घटस्फोटात मुलाचा.
चालून गेले.

आणि क्वेश्चनिंगला चौकशी.
यावर कुणी वादच घातला नाही.
घरी जाताना, संचेतीच्या पुलाखाली बस अडली तेव्हा
साताऱ्याच्या आत्याची कार्डे आठवली:
मजकूर संपला की कडेने, उभ्या अक्षरांत,
'शेजारच्या काकूंनी तुझी चौकशी केली आहे.'

मी कायद्याच्या विरोधात नाही.
माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या कानात
त्या संध्याकाळपासून शिट्टी आहे.
स्टॉपवर उभा होता, हातात पावकिलो फरसाण.
कुणाला तरी आधी माहीत होते.
त्या कुणाला तरी आधी विचारायला हवे होते,
हे मी कित्येक वर्षे जेवताना म्हणत आले,
आणि कलम सात लिहिताना माझा हात अडला नाही, हे खरे.

कलम अकराला अडला.
'ताब्यात ठेवल्याची बाब अशी व्यक्ती
कोणासही प्रकट करणार नाही.'
कोणासही.
मी 'कोणालाही' करून पाहिले.
काही फरक पडला नाही.

कायदा झाला. आवाजी मतदान.
माझे मराठी राजपत्रात आले,
खाली नाव नसते. नसावेच.

कोर्टाच्या फाटकासमोर याकूब आतारांचे झेरॉक्सचे दुकान.
पाटीवर: टायपिंग, लॅमिनेशन, प्रतिज्ञापत्रे, वाजवी दरात.
आमचे यंत्र कागद खाते, म्हणून मी त्यांच्याकडे.
दिवसभर लोकांचे सातबारे, वारसदाखले,
कुणाचे नकाशे, त्यांच्या हातांखालून जातात.
वाचायला वेळ कुणाला?

नऊ दिवस शटर खाली होते.
दहाव्या दिवशी उघडले.
'गावाला गेला होतात?'
'हो, गावाला.'
'कुठल्या?'
त्यांनी यंत्राचे झाकण उघडले, बंद केले.
'गावाला,' पुन्हा म्हणाले, अगदी तसेच,
पहिल्याची प्रत काढावी तसे.

काचेखालून हिरवा प्रकाश सरकत गेला.
मला कळले.
ही वाक्यरचना मी ओळखते,
दोन रात्री बसले होते तिच्यापाशी.
विचारावेसे वाटले, वजन का उतरले,
चष्मा नवा कसा, झोप लागते का.
विचारले असते तर त्यांनी
एक तर खोटे बोलायचे, नाहीतर गुन्हा करायचा.
आत्याच्या कार्डाच्या कडेचा तो शब्द
मी कुठे नेऊन ठेवला होता, ते तेव्हा दिसले.

एकवीस प्रती झाल्या.
बेचाळीस रुपये. मी पन्नासची नोट दिली,
त्यांनी दहा परत केले. जुन्या गिऱ्हाइकाला करतात.
मी कागद पिशवीत घातले, वळले.

'भावाचा कान कसा आहे?' मागून त्यांनी विचारले.

'वाजतो,' मी म्हटले.